हिसक्याचा निरोप

ह्या गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर आपल्याच डोक्यातला एखादा नट ढिला आहे असं समजा आणि गोष्ट संपल्यावर घरी जाताना जपून जा. पण घडलं ते असंच घडलं, आणि ज्या जीपच्या बाबतीत घडलं तिचं वय तेव्हा एकतीस होतं.

जीप होती दाईबाईंची. डोंगरावरच्या अकरा वस्त्यांमध्ये जन्मलेलं प्रत्येक पोर ह्या बाईंच्या ओंजळीत पडलेलं. निम्म्यांनी तर बाईंना वस्तीपर्यंत पोचण्याची उसंतही दिली नव्हती. ती जीपच्या मागच्या बाकावरच जगात आली आणि आयुष्यातला पहिला धक्का त्यांनी त्या जीपचाच खाल्ला. पण अलीकडे जीपचं स्टिअरिंग असं ढिलं झालं होतं, की बाईंनी सोमवारी फिरवावं आणि जीपनं मंगळवारी वळावं. सरळ रस्त्यावरसुद्धा ती नागमोडी चालायची. शिवाय पुढच्या बाजूनं सतत ठक ठक, ठक ठक. जणू आत कुणी अडकलंय आणि दार वाजवून वाजवून थकलंय. हा ठोका दोन डोंगर पलीकडे ऐकू जायचा. शेळ्या रस्ता सोडून उभ्या राहायच्या, आणि वस्तीतल्या बायका अडलेल्या पोरीला सांगायच्या, "धर दम, बाई दुसऱ्या वळणाला आल्या."

गंमत इथपर्यंतच. तपासणी खात्यानं ही जीप दोनदा नापास केली होती. आजची तिसरी तारीख शेवटची. चारच्या ठोक्याला खात्याचं फाटक बंद होणार, आणि त्याआधी जीप पास झाली नाही तर तिचा परवाना रद्द होऊन ती थेट भंगारात जाणार. दुसरी गाडी घेण्याची बाईंची ऐपत नव्हती, आणि त्या चढावर दुसरं कुणी फिरकत नव्हतं. म्हणजे अकरा वस्त्या उद्यापासून ज्याच्या त्याच्या नशिबावर.

असं ते सगळं घेऊन दाईबाई सकाळी नऊ वाजता मिस्त्रींच्या गॅरेजात शिरल्या.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एका भिंतीला टांगलेले पाने, आणि जमिनीवर तेलानं काळी पडलेली पुठ्ठ्याची खोकी उघडून अंथरलेली. गाडीखाली उभं राहायला खड्डा नव्हता. खणायला घेतला होता, पण हातभर खाली खडक लागला. तेव्हापासून ह्या गॅरेजात गाडीखाली जायचं ते पाठीवर झोपूनच.

मिस्त्री चौऱ्याहत्तरचे. बारा वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही कान गेले, ठार. मुलगा पाना सोडून कचेरीत खुर्चीवर बसला होता. पण पान्याचं वेड घरातून गेलं नाही. ते दारातून निघालं आणि सुनेच्या अंगावर जाऊन बसलं. गॅरेज आता सूनबाई चालवत होत्या. बुटकी, चपळ बाई. गाडीखाली शिरताना चपला बाहेर काढून ठेवायची. लोक हसायचे, पण ती म्हणायची की पाय मोकळे असले की हात नीट चालतात.

"मिस्त्री, चारच्या आत होईल का?" दाईबाईंनी त्यांच्या तोंडासमोर उभं राहून विचारलं. मिस्त्री ओठ वाचायचे.

"वा!" मिस्त्री गरजले. बहिरेपणामुळे त्यांना आपला आवाज कळत नसे. ते कुजबुजले तरी समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायची. "तुम्ही लोकांना नऊ महिने देता, आणि आम्हाला सात तास!"

"नऊ महिन्यांतलेसुद्धा शेवटचे सात तासच खरे असतात," दाईबाई म्हणाल्या. "बाकीचे उगीच पोट मिरवायला."

सूनबाईंनी जीपभोवती एक फेरी मारली. "आधी कुणाला दाखवलीत?"

"तिघांना. पहिल्यानं चाकांची बेअरिंगं बदलली. दुसऱ्यानं खालच्या दांड्यांचे सगळे सांधे नवे घातले. तिसरा म्हणाला, स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला की झालं. त्यानं तो असा आवळला, की आता वळल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळच होत नाही. आणि ठकठक आहे तिथंच."

"आणि तिघांनी गाडी बघितली कशी?"

"कशी म्हणजे? जॅकवर चढवून. चाकं अधांतरी करून."

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. "चालते तेव्हा ती जमिनीवर उभी असते ना हो? लटकत्या चाकावर भार नसतो, आणि भार नसला की ढिला सांधाही शहाण्यासारखा गप्प बसतो. ती जॅकवर चढली की बरी, आणि उतरली की आजारी. असं करणारी पोरं घरोघरी असतात."

दाईबाई पहिल्यांदाच हसल्या.

सूनबाईंनी तिसऱ्यानं आवळलेला स्क्रू आधी होता तिथं आणून ठेवला, चारही टायरांची हवा बघितली, चपला काढल्या आणि पाठीवर सरकत जीपखाली गेल्या. बाहेर राहिली फक्त दोन पावलं. मिस्त्री चढून स्टिअरिंगवर बसले. जीपला दारं नव्हतीच, त्यामुळे बाजूला वाकलं की ती पावलं दिसायची.

आता ह्या दोघांची काम करण्याची तऱ्हा सांगायला हवी, कारण अशी तऱ्हा दुसरीकडे कुठं नाही. गाडीखालून सुनेनं कितीही ओरडलं तरी सासऱ्याला ऐकू येणार नाही. पुन्हापुन्हा बाहेर येऊन तोंड दाखवायचं, तर दिवस त्यातच जायचा. म्हणून पहिल्याच वर्षी सूनबाईंनी एक युक्ती काढली होती. त्या खालून दांडा धरून हिसका द्यायच्या. तो हिसका दांड्यातून स्टिअरिंग बॉक्समध्ये, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांच्या दांड्यांना देणाऱ्या पेटीत, बॉक्समधून वरच्या दांडीत, आणि तिथून मिस्त्रींच्या तळहातात. एक हिसका म्हणजे डावीकडे फिरवा, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे थांबा. लांब आणि सावकाश असला, तर चहा टाका. मिस्त्री उत्तर द्यायचे हॉर्ननं. सून रागावली की तो हिसका असा यायचा, की मिस्त्री मुकाट्यानं उतरून चहा टाकायला जायचे.

आणि ह्या बोलण्यातूनच दोघांना रोगही सापडायचा. चाकापासून सुरुवात करायची आणि एकेक सांधा मागं टाकत वर यायचं. प्रत्येक ठिकाणी हिसका द्यायचा. ज्या सांध्यापासून निरोप मिस्त्रींच्या हातात नीट पोचायला लागतो, त्याच्या मागच्याच सांध्यात ढिलेपणा. कानवाल्यांना हे जमायचं नाही. लोखंड सगळं एकमेकांना जोडलेलं. आवाज एकीकडे जन्मतो आणि दुसरीकडे जाऊन रडतो. तिघेही कारागीर त्या रडण्यामागे धावले होते. मिस्त्रींना तो मोह होणं शक्यच नव्हतं. त्यांचे हात असे, की एकदा रस्त्यात एकानं त्यांच्याशी नुसता हात मिळवला, आणि मिस्त्रींनी त्याला सांगितलं, "उजवं पुढचं टायर बदला, आतल्या बाजूनं झिजलंय." तो माणूस धावत जाऊन बघतो, तर खरंच.

सूनबाईंनी पहिला हिसका दिला. चाकाजवळच्या सांध्यावर.

मिस्त्रींच्या हाताला तो कळला. पण उशिरा. पापणी लवायला लागते तेवढा उशीर. लग्नाला वेळेवर निघालेल्या पाहुण्यानं दाराबाहेर क्षणभर थांबून केस नीट करावेत, तसा.

मिस्त्रींनी हॉर्न वाजवला आणि वाट पाहिली. पुढचा हिसका आला. तोही उशिरा. तिसरा. तोही.

सांधे नवे आहेत, सून हिसका नीट देते आहे. मग मधल्या वाटेत उशीर कोण करतंय? त्यांनी स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. शिरा वर आलेल्या, बोटांची पेरं सुजलेली. बारा वर्षांपूर्वी कानही असेच गेले होते. आधी आवाज उशिरा आल्यासारखे वाटायला लागले, मग अर्धे यायला लागले, मग यायचे बंद झाले. तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, जाऊ देत, हात आहेत. आता हातही निघाले की काय?

आणि त्या घाबरण्यात ह्या थोर माणसानं एक लबाडी केली.

सूनबाई हिसका द्यायच्या, तेव्हा जोर लावताना त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा आत वळायचा. मिस्त्रींनी ते हेरलं. मग काय, हाताकडे लक्षच द्यायचं नाही. बाजूला वाकून अंगठ्यावर नजर ठेवायची. अंगठा वळला, पीं! अंगठा वळला, पीं! निरोप कसा, विजेसारखा पोचतोय.

खाली सूनबाई चक्रावल्या. एकेक सांधा करत त्या थेट बॉक्सपर्यंत आल्या. सगळीकडून निरोप ठणठणीत. म्हणजे रोगच नाही! आणि बाहेरून दाईबाई ओरडतात, "मघाशीच तर ठकठक करत आत आले मी. काय स्वप्नात आले का?"

दहा वाजले, अकरा वाजले. सूनबाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा पीं, पीं, पीं. दाईबाईंनी बारा वेळा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तेरावी वेळ टाळली.

शेवटी सूनबाई हात पोटावर ठेवून विचार करत खाली नुसत्या पडून राहिल्या. एवढ्यात एक मुंगी, त्या गॅरेजातला सगळ्यांत हुशार प्राणी, पुठ्ठ्यावरून चालत आली आणि डाव्या अंगठ्याला कडकडून चावली.

अंगठा वळला.

पीं!

मग सूनबाई सरकत बाहेर आल्या, उठल्या, आणि पदर-बिदर न झटकता सासऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ओठ सावकाश हलवत म्हणाल्या, "मामंजी, मी हातसुद्धा लावला नव्हता."

मिस्त्री हॉर्न पुसू लागले.

"मामंजी."

मिस्त्रींनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीत घेतले. मग ते सुनेच्या कानाशी वाकले आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजले. समोरचा किराणावाला हातातलं माप घेऊन दारात आला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

"हात गेले गं माझे, सूनबाई! निरोप उशिरा पोचतोय. लाज वाटली म्हणून तुझा अंगठा बघून वाजवत होतो!"

सगळी गल्ली हळहळली. दाईबाई तोंड उघडणार होत्या, कारण त्यांचे दोन तास असे अंगठ्यावर गेले होते. पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते मिटलं.

सूनबाईंनी मात्र ना समजूत घातली, ना रागावल्या. त्यांचे डोळे बारीक झाले. "उशिरा म्हणजे किती?"

"पापणी लवते तेवढा."

"कुठल्या सांध्यावरून?"

"सगळ्याच."

"सगळीकडून सारखाच? कमी-जास्त नाही?"

"सारखाच गं. म्हणून तर म्हणतो, खोट माझ्यातच आहे."

"थांबा. खोट कुणात आहे ते मी ठरवणार," सूनबाई म्हणाल्या. आणि ह्या जागी त्या बाईला हात जोडावेत. दुसऱ्या कुणी म्हाताऱ्याला घरी पाठवलं असतं. तिनं काय केलं? मापाची पट्टी खोटी वाटली, की आधी ज्याचं माप ठाऊक आहे अशी वस्तू मोजून बघतात, तेच केलं. कोपऱ्यात एक पाववाल्याची व्हॅन उभी होती. तिचं स्टिअरिंग दोघांनी मिळून गेल्याच आठवड्यात नवंकोरं केलेलं. सूनबाईंनी सासऱ्यांना त्या व्हॅनमध्ये नेऊन बसवलं, त्यांच्या डोळ्यांवर स्वतःच्या हातांनी फडकं बांधलं, आणि खाली शिरल्या.

हिसका. पीं!

हिसका. पीं!

मग मुद्दाम नुसत्याच पडून राहिल्या. किती तरी वेळ. व्हॅन गप्प. मग त्यांनी दांड्याला करंगळीनं टिचकी मारली. एवढीशी, डास बसल्यासारखी.

पीं!

दाईबाई पायरीवर उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी टाळी वाजवली. सूनबाई बाहेर आल्या, फडकं सोडलं आणि म्हणाल्या, "हात शाबूत आहेत, मामंजी. जीप उशीर करतेय."

मिस्त्रींनी आपले तळहात उलटे केले, सुलटे केले. कुणी हरवलेली वस्तू परत आणून दिल्यासारखे त्यांनी ते दोन्ही खिशांत ठेवले आणि लगेच बाहेर काढले, कारण काम राहिलं होतं.

"सांधा बिघडला असता तर त्याच्या अलीकडचा निरोप वेळेवर आणि पलीकडचा उशिरा आला असता," सूनबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "सगळाच सारखा उशिरा म्हणजे सगळे निरोप जिथून जातात तीच जागा हलतेय. आणि सगळे जातात बॉक्समधून."

"बॉक्स नवा आहे आतून, मागे मीच त्याचे दाते बदलले होते!" मिस्त्री म्हणाले.

"आतून असेल. पण तो उभा कशावर आहे?"

सूनबाई पुन्हा खाली गेल्या. ह्या खेपेला हिसका नाही, काही नाही. स्टिअरिंग बॉक्स जिथं जीपच्या चासीला, म्हणजे तिच्या मुख्य सांगाड्याला, बोल्टनं आवळलेला असतो, तिथं त्यांनी एक बोट ठेवलं. अर्धं बोट बॉक्सवर, अर्धं चासीवर. मिस्त्री वर स्टिअरिंग डावीकडे दोन बोटं, उजवीकडे दोन बोटं असं हलवू लागले. घड्याळाच्या लंबकानं शिकवणी लावावी असं ते हलवणं. एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही.

दोन लोखंडं एकमेकांना घट्ट आवळलेली असतील, तर बोटाखाली दोन्ही एकच वाटायला हवीत. सूनबाईंच्या बोटाखाली ती दोन होती. एक पुढं जायचं, दुसरं जागेवर राहायचं. बोटाला मध्येच नाजूक चिमटा बसायचा.

तीन हिसके. थांबा.

तारेच्या ब्रशनं त्यांनी तिथला रंग खरवडला. कुणीतरी कधीतरी काळ्या रंगाचा जाड थर चढवला होता, आणि त्या थराखाली केसाएवढी चीर. बोल्टच्या भोकापासून सुरू होऊन खाली वाकडी गेलेली. जीपचा भार चाकांवर आला की चीर उघडायची आणि बॉक्स बोल्टांसकट डुलायचा. जॅकवर चढवली की चीर मिटायची. तिथं कुणी बघेल कशाला? तिथं सांधाच नव्हता.

"या, मामंजी. हात घेऊन या," त्यांनी खालून हात हलवून बोलावलं.

चौऱ्याहत्तर वर्षांचे मिस्त्री पुठ्ठ्यावर आडवे झाले. दाईबाई वर बसून स्टिअरिंग हलवू लागल्या. मिस्त्रींनी त्याच जागी बोट ठेवलं आणि डोळे मिटले. मग म्हणाले, आणि ह्या वेळी खरंच हळू म्हणाले, "अगं, हे मला वरून बारा जन्मांत कळलं नसतं."

"तुम्हीच वरून सांगितलंत," सूनबाई म्हणाल्या. पण अंधारात त्यांचे ओठ दिसत नव्हते.

दाईबाईंनाही राहवलं नाही. चप्पल काढून त्याही खाली गेल्या, मिस्त्रींना वर पिटाळलं, आणि त्या जागी बोट ठेवलं. "असंच असतं," त्या म्हणाल्या. "बाळ आडवं आहे की उभं, ते मशीनच्या आधी बोटाला कळतं. मीही कान लावत नाही हो, हातच लावते."

मग जे काम सुरू झालं! जीप जॅकवर घेऊन चीर मिटवली, बॉक्स खाली उतरवला. चीर जिथं संपते, तिथं सूनबाईंनी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढं पळणार नाही. चीर घासून इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडली, खालपासून वरपर्यंत वेल्डिंगनं भरली, आणि वरून मिस्त्रींनी कापलेली जाड लोखंडी पट्टी बसवून तीही चारी बाजूंनी जोडली. त्या वेल्डिंगचा उजेड असा पडला, की गल्लीतले कोंबडे दुपारीच दुसऱ्यांदा आरवले. नवे बोल्ट, नवे वॉशर. गाडी जमिनीवर टेकवली. मिस्त्री स्टिअरिंगवर बसले, सूनबाई खाली शिरल्या, आणि मिस्त्रींनी मुद्दाम आभाळाकडे तोंड केलं.

हिसका.

पीं!

सूनबाईंनी दुसरा दिला, लांब आणि सावकाश. मिस्त्री मोठ्यांदा हसले. "चहा नंतर! आधी फाटक!"

आता फाटक होतं आठ मैलांवर आणि घड्याळात होते चारला पाच कमी. पण त्या जीपचं स्टिअरिंग असं झालं होतं, की दाईबाईंनी वळणाचा नुसता विचार करावा आणि ती वळावी. पहिल्या चौकात बाईंना शिंक आली, तर जीप दोन रिक्षांच्या मधून जाऊन पुन्हा आपल्या बाजूला आली. मागं मिस्त्री आणि सूनबाई एकमेकांना धरून बसलेले. आठ मैल चार मिनिटांत. रस्त्यातले मैलाचे दगड बाजूला सरकून नमस्कार करत होते. खात्याच्या आवारातला तो खडूस तपासनीस, ज्यानं आयुष्यात कुणाला अर्ध्या मिनिटाची सवलत दिली नव्हती, हातात कुलूप घेऊन फाटकाशी उभा. चारचा ठोका पडायला बरोबर एक मिनिट कमी असताना जीप त्याच्या नाकासमोरून आत शिरली. त्यानं स्टिअरिंग हलवून बघितलं. खाली वाकून बघितलं. बोटं दुखेपर्यंत सगळे सांधे दाबून बघितले, आणि चिठ्ठीवर शिक्का मारला, पास! चारला एक मिनिट कमी, तिथल्या भिंतीवरचं घड्याळ साक्षीला...

"साफ खोटं!" गोष्ट ऐकणाऱ्यांच्या मागच्या बाकावरून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ काठी टेकत उठले. "चारला एक कमी कसलं? पाचला दहा कमी होते. फाटकाला कुलूप लावून झालं होतं माझं, सायकलवर टांग टाकली होती. किल्ली पुन्हा खिशातून काढली ती मी!"